अ‍ॅब्सॉर्बन्सवरून मिश्रधातूतल्या धातूची वजनी टक्केवारी कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांच्या लॅबमध्ये नव्यानं लागलेली मुलं-मुली आणि कोल्हापुरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मशीनवर आकडा आणणं बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती त्यानंतर: ०.५०६ आलं, आता बिडात (कास्ट आयर्नमध्ये) मँगनीज किती टक्के?

अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे नेमकं काय मोजलं जातं?

द्रावणात किती प्रकाश शिरला आणि किती बाहेर आला, याच्या गुणोत्तराचा लॉगरिदम. शंभरातले दहाच भाग बाहेर आले तर अ‍ॅब्सॉर्बन्स १, शंभरातला एकच भाग बाहेर आला तर २. जुन्या कलरीमीटरवर टक्के ट्रान्समिटन्सच दिसत असेल, तर २ मधून त्या आकड्याचा लॉग वजा करा.

अ‍ॅब्सॉर्बन्स रंगीत पदार्थाच्या संहतीच्या आणि प्रकाशानं द्रावणातून कापलेल्या अंतराच्या सम प्रमाणात असतो. बुगेर यांनी १७२९ मध्ये, लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये आणि बेअर यांनी १८५२ मध्ये या नियमाचे भाग मांडले. एक सेंटिमीटरचं क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक चौकोनी नळी) वापरलं की अंतर ठरलेलं राहतं आणि फक्त संहती बदलते. आपलं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं आहे.

मग संहती मिळाली की टक्केवारी मिळालीच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त उत्तरं चुकतात ती इथेच. मशीन फक्त क्युव्हेटमधल्या द्रावणाबद्दल बोलतं. क्युव्हेटमधलं द्रावण शेवटच्या फ्लास्कमधलं, त्या फ्लास्कमध्ये पहिल्या फ्लास्कमधून पिपेटनं घेतलेला थोडासा भाग, आणि पहिल्या फ्लास्कमध्ये तराजूवर वजन केलेला सगळा नमुना. ज्या वाटेनं नमुना क्युव्हेटपर्यंत आला, त्याच वाटेनं आकडा उलटा न्यायचा: क्युव्हेट, शेवटचा फ्लास्क, पिपेट, पहिला फ्लास्क, तराजू. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारायचा, "इथे धातू किती मिलिग्रॅम आहे?"

सूत्र पाठ करू नका, असा माझा आग्रह आहे. पद्धत बदलली की पाठ केलेलं सूत्र दगा देतं. मिलिग्रॅमचा माग मात्र कुठल्याही पद्धतीत काढता येतो.

एक पूर्ण उदाहरण आकड्यांसह द्याल का?

आपल्याकडे सगळ्यात कामाचं उदाहरण म्हणजे बिडातलं मँगनीज. मँगनीजचा स्वतःचा रंग अगदी फिका असतो. म्हणून आम्ल द्रावणात पोटॅशियम परआयोडेटसोबत उकळून त्याचं परमँगनेट करतात. तो जांभळा रंग ५२५ नॅनोमीटरला मोजतात.

समजा बिडाचा चुरा ०.९८६० ग्रॅम घेतला. नायट्रिक आणि फॉस्फोरिक आम्लाच्या मिश्रणात विरघळवला, न विरघळलेलं ग्राफाइट आणि सिलिका गाळून काढली, द्रावण १०० मिलिलिटर केलं. त्यातलं १० मिलिलिटर पिपेटनं घेतलं, परआयोडेट घालून रंग आणला, थंड केलं आणि ५० मिलिलिटर केलं. अ‍ॅब्सॉर्बन्स आला ०.५०६.

त्याआधी स्टँडर्ड, म्हणजे संहती आधीच माहीत असलेली द्रावणं, मोजून ठेवलेली आहेत. मँगनीज लिटरला ०, ४, ८, १२ आणि १६ मिलिग्रॅम असताना अ‍ॅब्सॉर्बन्स ०.००१, ०.१७५, ०.३५०, ०.५२४ आणि ०.६९९. या पाच बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा उतार ०.०४३६, आणि शून्य संहतीला ती ०.००१ वर येते.

आता उलटी वाट धरू.

क्युव्हेटमधली संहती: (०.५०६ − ०.००१) ÷ ०.०४३६ = लिटरला ११.५८ मिलिग्रॅम.
५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये: ११.५८ × ०.०५० = ०.५७९ मिलिग्रॅम.
हे सगळं मँगनीज पिपेटनं घेतलेल्या १० मिलिलिटरमधून आलं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये त्याच्या दहापट: ५.७९ मिलिग्रॅम.
नमुना ९८६.० मिलिग्रॅमचा. म्हणून ५.७९ ÷ ९८६.० × १०० = ०.५९ टक्के.

लक्षात घ्या, इथे मँगनीजचा अणुभार कुठेच लागला नाही. स्टँडर्ड मिलिग्रॅममध्ये बनवली तर मोलच्या भानगडीत पडावंच लागत नाही.

दहापट करायचं राहून गेलं तर असं काय मोठं बिघडतं?

रिपोर्ट ०.०५९ टक्क्यांचा जातो. करड्या बिडात गंधकाला बांधून ठेवायला मँगनीज लागतं. फाउंड्रीत धरतात तो नेम असा: गंधकाच्या टक्केवारीची १.७ पट अधिक ०.३. गंधक ०.१० टक्के असेल तर मँगनीज साधारण ०.४७ टक्के हवं. ०.०५९ चा रिपोर्ट पाहून भट्टीवरचा माणूस फेरो-मँगनीज टाकणार, आणि टाकायलाच हवं असं त्याला वाटणार, कारण त्याचा लॅबवर विश्वास आहे. मुळात पुरेसं असलेलं मँगनीज मग जरुरीपेक्षा जास्त होतं. कास्टिंगमध्ये कार्बाइड वाढतात, मशिनिंगला टूल खातात. एस.जी. आयर्नमध्ये (गोलाकार ग्राफाइटच्या बिडात) तर मँगनीज मुद्दाम कमी ठेवतात, तिथे ही चूक आणखी महागात पडते. कागदावरची एक दहापट पुढे पूर्ण हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला सगळा धातू, बिघडवू शकते.

फॉस्फोरिक आम्ल कशासाठी? वगळलं तर चालेल?

चालणार नाही. बिडात लोखंड नव्वद टक्क्यांच्या वर असतं आणि फेरिक लोहाचा पिवळा रंग मोजणीत लुडबूड करतो. फॉस्फेटबरोबर त्याचं रंगहीन संयुग होतं. शिवाय मँगनीज डायऑक्साइडचा आणि लोहाच्या परआयोडेटचा साका बसत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र इथे वापरू नका. क्लोराइड परमँगनेटला परत रंगहीन करून टाकतं. रंग आला आणि पाहता पाहता फिका पडला, अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: क्लोराइड कुठून आलं? कधी ते नीट न धुतलेल्या बीकरमधून येतं, कधी नळाच्या पाण्यातून. गाळणंही रंग आणण्याआधीच उरकून घ्या, कारण परमँगनेट कागदाच्या गाळणीवरसुद्धा खर्च होतं.

ब्लँक कशाचा घ्यायचा? डिस्टिल्ड वॉटर पुरे ना?

ब्लँक म्हणजे शून्य ठरवायला घेतलेलं, मोजायच्या धातूचा रंग नसलेलं द्रावण. डिस्टिल्ड वॉटरनं मशीनचा शून्य ठरतो, नमुन्याचा नाही. निकेल, क्रोमियम असलेल्या नमुन्याला मँगनीजशिवायचाही थोडा रंग असतो. यावर एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. रंग आलेल्या द्रावणाचा थोडा भाग वेगळा काढायचा आणि त्यात सोडियम नायट्राइटचे एक-दोन थेंब टाकायचे. परमँगनेटचा जांभळा रंग जातो, बाकीचा रंग जवळजवळ तसाच राहतो. हाच ब्लँक. नमुना आपणच आपला ब्लँक होतो. नायट्राइट जास्त पडलं तर डायक्रोमेटचंही क्षपण होऊन त्याचा रंग बदलेल, म्हणून हात आखडता ठेवा.

पुस्तकातली मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी वापरून थेट उत्तर का काढू नये? स्टँडर्डचा वेळ वाचेल.

परीक्षेतल्या गणितात काढा. ही किंमत म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लिटरला एक मोल संहतीमागे येणारा अ‍ॅब्सॉर्बन्स. परमँगनेटची किंमत ५२५ नॅनोमीटरला २४०० च्या आसपास धरतात. वरच्या उदाहरणातला उतार ०.०४३६ गुणिले ५४९४० (मँगनीजच्या एका मोलचे मिलिग्रॅम) केलं की २३९५ येतं, म्हणजे मेळ बसतो. पण प्रत्यक्ष कामात ती किंमत तुमच्या मशीनची नसते. तरंगलांबीचं कॅलिब्रेशन दोन-तीन नॅनोमीटर सरकलेलं असेल, फिल्टरच्या कलरीमीटरमध्ये पट्टा रुंद असेल, क्युव्हेट घासलेलं असेल. स्टँडर्ड त्याच मशीनवर, त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच दिवशी मोजलं की या सगळ्या उणिवा दोन्हीकडे सारख्याच लागतात आणि उत्तरातून निघून जातात. बिडासाठी स्टँडर्ड बनवताना त्यात तेवढंच शुद्ध लोखंडही घाला.

अ‍ॅब्सॉर्बन्स १.८ आला. तेवढी रेषा पुढे वाढवून संहती वाचली तर?

तसं करू नका. १.८ ला जेमतेम दीड टक्का प्रकाश पलीकडे पोचतो. मशीनमधला भटका प्रकाशही तेवढा असू शकतो, म्हणून रेषा वर जाता जाता वाकते आणि संहती खऱ्यापेक्षा कमी दिसते. ०.२ ते ०.८ च्या दरम्यान राहा. पहिल्या फ्लास्कमधून कमी भाग घेऊन पुन्हा रंग आणा आणि गणितात नवा भाग लिहा. रंग आलेल्या द्रावणात नुसतं पाणी ओतून बरेच जण काम भागवतात. पण रंग आणणाऱ्या रसायनाचं प्रमाणही त्यानं बदलतं, तेव्हा तो रस्ता टाळलेला बरा.

पितळेतलं तांबंही असंच काढता येईल?

येतं, पण उत्तराकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवा.

पितळ नायट्रिक आम्लात विरघळवतात. तांबडा-तपकिरी धूर निघतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच. मग अमोनिया जास्त घातला की तांब्याचा गडद निळा रंग येतो. तो ६०० ते ६२० नॅनोमीटरला मोजतात. जस्ताचं अमोनिया संयुग रंगहीन, त्याचा त्रास नाही. लोखंड तपकिरी साक्याच्या रूपात खाली बसतं, ते गाळा. कथील असेल तर नायट्रिक आम्लातच पांढरा साका होतो, तोही गाळा. निकेल मात्र अमोनियात स्वतःच निळसर रंग देतं, त्याच्यावर नजर ठेवा.

समजा शुद्ध तांब्याची तार ०.३२०० ग्रॅम आणि पितळ ०.५०५० ग्रॅम, दोन्ही एकाच पद्धतीनं नेली: २५० मिलिलिटर, त्यातलं २५ घेऊन अमोनियासह ५०. तारेचा अ‍ॅब्सॉर्बन्स ०.५३०, पितळेचा ०.५१२. डायल्यूशन दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे ते गणितातून सरळ उडून जातं: ३२०.० × ०.५१२ ÷ ०.५३० = ३०९.१ मिलिग्रॅम तांबं. ३०९.१ ÷ ५०५.० × १०० = ६१.२ टक्के.

अमोनिया मात्र दोन्ही फ्लास्कमध्ये मोजून सारखाच घाला. या निळ्या रंगाची छटा अमोनियाच्या प्रमाणाबरोबर बदलते. उन्हाळ्यात अर्धवट झाकणाच्या बाटलीतला अमोनिया उडून कमजोर झालेला असतो, तेव्हा स्टँडर्ड आणि नमुना एकाच बाटलीतून, एका बैठकीत करा.

हे ६१.२ किती खरं मानायचं?

अ‍ॅब्सॉर्बन्समध्ये ०.००२ इतका फरक सहज पडतो. ०.५१२ मध्ये तो ०.४ टक्के झाला. स्टँडर्डच्या वाचनातही तेवढाच. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर साधारण ०.५५ टक्के. ६१.२ च्या ०.५५ टक्के म्हणजे ०.३. उत्तर झालं ६१.२ अधिक-उणे ०.३, आणि यात वजनाची, पिपेटची चूक अजून धरलेलीच नाही.

हाच ०.५५ टक्के मँगनीजच्या ०.५९ ला लावला तर चूक निघते ०.००३, जिच्याकडे कुणी पाहणारही नाही. म्हणून माझं मत असं: रंगमापन ही थोड्या प्रमाणातल्या धातूसाठी उत्तम पद्धत आहे. पाच-दहा टक्क्यांच्या वर जो धातू असेल, त्याचा सौदा या आकड्यावर करू नये. पितळेतल्या तांब्यासाठी आयोडीनचं टायट्रेशन किंवा विद्युत अपघटनानं तांबं बसवून केलेलं वजन, हे खरे मार्ग. कॉलेजच्या प्रयोगात पितळ घेतात ते शिकण्यासाठी, आणि त्यासाठी ते छान आहे.

हुपरीच्या चांदीचा टंच असा काढता येईल?

टंच नाही, त्यातलं तांबं काढता येईल. चांदीचे आयन रंगहीन असतात, निळा रंग फक्त तांब्याचा. ९२.५ च्या चांदीत उरलेले ७.५ टक्के तांबं असेल, तर अर्ध्या ग्रॅममध्ये ३७.५ मिलिग्रॅम, म्हणजे मोजायला अगदी सोयीचं.

पण १०० मधून तांबं वजा करून उरलेली सगळी चांदी, असं कृपा करून लिहू नका. पैंजणाच्या जोडात डाकाचं जस्त असतं, कधी कॅडमियमही असतं. अमोनियात ते रंग देत नाहीत, म्हणून ते चांदीच्या खात्यात जमा होतील. चांदी चांदी म्हणूनच मोजायला हवी, आणि त्यासाठी टायट्रेशन आहे. इथे प्रश्न कुणाच्या तरी पैशाचा आणि कारागिराच्या नावाचा असतो.

एक इशारा नीट वाचा. चांदीच्या द्रावणात अमोनिया घालून ते ठेवून देऊ नका. काही काळानं त्यात स्फोट होणारा काळा साका तयार होऊ शकतो. आधी नायट्रिक आम्लातल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालून सगळी चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसवा, गाळा, आणि मगच गाळलेल्या द्रावणात अमोनिया घाला.

स्टीलमध्ये क्रोमियम आणि मँगनीज दोन्ही आहेत. एकाच द्रावणातून दोन्ही निघतील?

निघतील. द्रावणात क्रोमियमचं डायक्रोमेट आणि मँगनीजचं परमँगनेट करून घ्यायचं. दोन अज्ञात असले की दोन तरंगलांबींवर मोजायचं. ४४० नॅनोमीटरला मुख्यतः डायक्रोमेट शोषतं, ५४५ ला मुख्यतः परमँगनेट. डायक्रोमेटच्या मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी अनुक्रमे ३६९ आणि ११, परमँगनेटच्या ९५ आणि २३५० धरू. (कामात या चारही किमती आपल्याच मशीनवर, शुद्ध द्रावणं घेऊन काढायच्या.)

समजा १.००० ग्रॅम स्टील, १०० मिलिलिटर, त्यातलं १० घेऊन ५०. ४४० ला ०.३२०, ५४५ ला ०.४७०. दोन समीकरणं सोडवली की डायक्रोमेट लिटरला ०.०००८१७ मोल आणि परमँगनेट ०.०००१९६ मोल येतं.

इथे एक खाच आहे. डायक्रोमेटच्या एका आयनात क्रोमियमचे दोन अणू असतात. म्हणून क्रोमियम ०.०००८१७ × २ × ५२.०० = लिटरला ०.०८५० ग्रॅम. ५० मिलिलिटरमध्ये ४.२५ मिलिग्रॅम, दहापट ४२.५, म्हणजे ४.२५ टक्के. दोननं गुणायचं राहिलं की उत्तर बरोबर निम्मं येतं, आणि २.१ टक्के क्रोमियमचं स्टीलही असतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मँगनीजचं उत्तर त्याच वाटेनं ०.५४ टक्के.

आर वर्ग ०.९९९९ आला. आता निर्धास्त व्हायचं ना?

त्यातून एवढंच कळतं की बिंदू रेषेवर आहेत. स्टॉक द्रावणाचं वजनच चुकलं असेल तर सगळे बिंदू सारखेच चुकतात आणि रेषा तितकीच देखणी राहते. ज्याची टक्केवारी प्रमाणपत्रासह माहीत आहे असा एक संदर्भ नमुना प्रत्येक बॅचबरोबर, अनोळखी नमुन्यासारखाच, विरघळवण्यापासून सुरू करून चालवा. त्याचं उत्तर जुळलं तर बाकीच्यांवर विश्वास ठेवा.

नमुना कुठून आणि कसा घ्यायचा?

बाहेरची कातडी काढून टाका, तिला मोल्डिंगची वाळू चिकटलेली असते. मग दोन-तीन ठिकाणी ड्रिल करून चुरा घ्या. कुलंटचं तेल लागलं असेल तर अ‍ॅसिटोननं धुऊन वाळवा, नाहीतर तेलाचंही वजन नमुन्यात धरलं जाईल. बोरिंगचा चुरा डबीतून वरवरचा उचलू नका. ग्राफाइटची बारीक पूड तळाशी बसलेली असते, डबी नीट हलवून घ्या. शिसं असलेल्या पितळेत शिसं एकसारखं पसरलेलं नसतं, तिथे थोडा जास्त नमुना घेतलेला बरा.

आमच्याकडे स्पार्क स्पेक्ट्रोमीटर आहे. अर्ध्या मिनिटात सगळी मूलद्रव्यं कळतात. मग हे का शिकायचं?

भट्टीजवळ तेच वापरा. ओतायची वेळ आली असताना कुणी बीकर घेऊन बसणार नाही. पण त्या मशीनलाही कॅलिब्रेशनचे नमुने लागतात, आणि अशा नमुन्यांच्या टक्केवारीमागे मुळात ओली रसायनंच उभी असतात. मशीनवर शंका आली, गिऱ्हाइकाचा आणि आपला रिपोर्ट जुळला नाही, नमुना चुऱ्याच्या रूपातच आला आणि स्पार्कला सपाट तुकडा नाही, अशा वेळी हीच पद्धत उपयोगी पडते. उद्यमनगरच्या छोट्या वर्कशॉपला तर कलरीमीटर परवडतो, स्पेक्ट्रोमीटर नाही.

रिपोर्टमध्ये किती दशांश स्थळं लिहायची?

कॅल्क्युलेटर ०.५८७३५ दाखवतो, तुम्ही ०.५९ लिहा. तराजू चार स्थळं देत असला तरी अ‍ॅब्सॉर्बन्स तीनच देतो, आणि उत्तर सगळ्यात कच्च्या आकड्याइतकंच पक्कं असतं. मधल्या पायऱ्यांत मात्र एक-दोन आकडे जास्त ठेवा, शेवटीच गोळा करा. दोन स्वतंत्र नमुने विरघळवून दोन्ही उत्तरं लिहा. एकच द्रावण दोनदा मोजलं तर ते दोन नमुने होत नाहीत.

फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असं तापमान छापलेलं असतं. उकळलेलं द्रावण थंड न करताच खुणेपर्यंत भरलं, तर ती खूण खोटी ठरते.

मोजून झालेली द्रावणं सिंकमध्ये ओतली तर चालतील?

चालणार नाहीत. शहरातले नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात, आणि तिच्या पाण्यावर खालची किती गावं अवलंबून आहेत ते आपल्याला माहीत आहे. डायक्रोमेट विषारी आहे. आम्ल द्रावणातच सोडियम बायसल्फाइट घालून द्रावण हिरवं होईपर्यंत त्याचं क्षपण करा, मग चुन्यानं साका बसवा. परमँगनेटही बायसल्फाइटनंच जातं. तांब्याच्या निळ्या द्रावणात अमोनिया असेपर्यंत तांबं पुरतं खाली बसत नाही. ते जपून आम्ल करा, नंतर सोडियम सल्फाइडऐवजी लोखंडाचा चुरा टाकून ठेवा: तांबं लोखंडावर बसतं आणि विषारी वायूची भीती राहत नाही. चांदीच्या क्लोराइडचा साका वेगळ्या बाटलीत जमवा, त्यातून चांदी परत मिळवता येते. बाकीचा गाळ नाव आणि तारीख लिहून डब्यात ठेवा आणि घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या.